रिकामं भांडं परत धाडू नये

दिवाळी उरकते, थंडी अंगाला चावायला लागते आणि एखाद्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर उसाचा रस कढत असल्याचा वास येतो. गावात आता एकच गुऱ्हाळ उरलंय. बाकी सगळा ऊस कारखान्याला जातो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात आणि त्यांच्या मागं माणसं शिव्या देत उभी असतात. वास मात्र तोच आहे. गोड, धुरकट, घशाशी जरा खवखवणारा. नातवंडं म्हणतात, आजी, चल की काकवी आणायला. मी म्हणते, तुम्ही जा, माझे गुडघे दुखतात. हे गुडघ्यांचं कारण मी हल्ली कशालाही पुरवते.

परवा सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, शेजारच्यांचा डबा द्यायचाय. आत काय घालू?" शेजारी भाड्यानं एक नवं जोडपं आलंय. मी म्हणाले, "काही घालू नकोस. धू, पूस आणि दे." ती माझ्याकडं बघतच राहिली. सासू म्हातारपणी चिक्कू झाली असं तिला वाटलं असणार. वाटू दे. रिकामं भांडं परत धाडू नये, ही रीत या घरात तिच्या आधीपासून आहे, माझ्याही आधीपासून आहे. चिमूटभर साखर घाला, चार शेंगा घाला, अगदी काही नसेल तर मिठाचा खडा घाला, पण भांडं मोकळं जाता कामा नये. ही रीत चांगली नाही असं म्हणायची माझी छाती नाही. पण तिच्यापायी एक हिवाळा माझ्या मनात रुतून बसलाय, तो रस कढायला लागला की वर येतो.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा. मी त्याच वर्षी लग्न होऊन या घरात आले होते. माहेर माझं विट्याच्या पलीकडं, कोरड्या माळावरचं. आमच्याकडं पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना आई तो अर्धाच भरायची आणि वर म्हणायची, लागलं तर आणखी देते. पाहुणाही शहाणा असायचा, त्याला लागायचं नाही. आणि इथं सासरी कृष्णा होती. त्या वर्षी तिचं पात्र बारीक झालं होतं, पण पाणी होतं. ऊस होता, गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या, आणि गुऱ्हाळ चालू होतं. नवरा पलटणीत, दूर कुठंतरी बर्फात. मी इथं सकाळी दूध-भाकरी, दुपारी ताक-भाकरी आणि संध्याकाळी गरम गुळाचा गोळा असं खात होते. दोन महिन्यांत माझ्या चोळ्या उसवून सैल कराव्या लागल्या. सासूबाईंना त्याचं कोण कौतुक. येईल त्याला सांगायच्या, "आमच्या घरचं पानी मानवलं पोरीला."

माणूस सगळं विसरेल पण भूक विसरणार नाही, असं लोक म्हणतात. मला हे पटत नाही. पोट भरलं की माणूस सगळ्यात आधी भूकच विसरतो. मी विसरले. एका हंगामात विसरले.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. हात मात्र विलक्षण सढळ. "देनाऱ्याचा हात वर असतोय, म्हनून पदराखालनं द्यावं," असं म्हणायच्या आणि खरंच पदराखाली झाकून द्यायच्या, म्हणजे घेणाऱ्याला रस्त्यात कुणी बघू नये. पण त्यांच्याकडून काही घेणं ही सोपी गोष्ट नव्हती. शेजारच्या काशीकाकूंनी एकदा पाच करंज्या पाठवल्या, तर आत्याबाईंनी त्याच ताटलीत दहा अनारसे घालून पाठवले. काशीकाकूंनी ताटली ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी तीत लाडू आले. मग आमच्याकडून वाटीभर तूप गेलं. शेवटी काशीकाकूंचे यजमान दारात येऊन म्हणाले, "आवं, आता थांबा, आमच्या घरातला रवा संपला." सगळी आळी हसली. आत्याबाईही हसल्या, पण त्या दिवशी ताटली परत करताना तिच्यात त्यांनी केळी घातलीच.

गुऱ्हाळाचं तर विचारूच नका. गुऱ्हाळावर आलेला माणूस, ओळखीचा असो वा वाटसरू, रस प्यायल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या भागाचा कायदाच. रस कढवायच्या काहिलीखालच्या चुलाणात उसाची चिपाडं सारणाऱ्या गड्याशेजारी आत्याबाई पाट टाकून बसायच्या. येणाऱ्याला आधी रस, मग गरम काकवी, मग जाताना हातात गुळाचा खडा. नको म्हटलं तर रागवायच्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "हिच्या हातनं सुटायचं असंल तर मानसानं आधीच जेवून मराय पायजे."

आमच्या रानात दरवर्षी हिवाळ्यात धुळा धनगराची मेंढरं बसायला यायची. धुळा माण तालुक्यातला. त्याचा बाप माझ्या आजेसासऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, तेव्हापासूनची ही ये-जा. मोकळ्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं. बदल्यात धनगराला धान्य आणि मेंढरांना उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं. धुळाची बायको ठकूबाई. उंच, सावळी, आणि हसली की तीन बांध पलीकडं ऐकू जाईल अशी. तिचं आणि आत्याबाईंचं कसं होतं ते मी आळीतल्या बायांकडून ऐकलंय. ठकूबाई दारात येऊन खुशाल म्हणायची, "आक्का, मीठ संपलंय, द्या जरा." आणि आत्याबाई तिच्या तळावर निरोप धाडायच्या, "ठके, थंडी लय हाय, तुझं एक घोंगडं लावून दे म्हातारीला." मागायच्या, द्यायच्या, भांडायच्याही. एकदा घोंगडं परत करायला उशीर झाला म्हणून ठकूबाई पाण्याच्या पाटात उभी राहून आत्याबाईंना बोलली होती म्हणे, आणि आत्याबाई तिला दारातूनच उत्तरं देत होत्या.

दुष्काळाच्या वर्षी ते आले ते निम्मी मेंढरं घेऊन. बाकीची वाटेत कुठं कुठं राहिली. बिऱ्हाड वाहणारं घोडंही नव्हतं. सोबत त्यांची लेक सगू, दुधाचे दात असलेली पोर, नुकतीच तापातून उठलेली. पाय काडीसारखे. आणि एक दुभती शेळी. ती शेळी पालाच्या मेखेला बांधलेली मी रोज बघत होते. तिचं दूध कुणासाठी आहे, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही.

आल्यापासून ठकूबाई आमच्या दारात काही मागायला आली नाही. आत्याबाईंनी दोन दिवस वाट बघितली. मग म्हणाल्या, "लाजती बया. यंदा तिची येळ वाईट हाय. आपुनच धाडू." त्यांनी आपली पितळेची चरवी काढली. माहेरून आलेली, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. तिच्यात गरम काकवी भरली आणि मला म्हणाल्या, "जा पोरी, दिऊन यी. आनि द्यायला आली म्हनून सांगू नगंस, जास्तीची झाली म्हन."

मी गेले. ठकूबाईनं चरवी घेतली, काकवी आपल्या भांड्यात ओतली, चरवी विसळली. मग म्हणाली, "थांब वैनी." माझ्याकडं पाठ करून शेळीपाशी बसली आणि थोड्या वेळानं चरवी माझ्या हातात दिली. तळाला दूध होतं, फेसाळ, कोमट.

आत्याबाईंना फार बरं वाटलं. "बघ, कशी रीत हाय बाईला. रिकामी न्हाई धाडली." खरं सांगायचं तर शेरडाचं दूध आमच्या घरात कुणाला चालत नव्हतं. मामंजींना वास यायचा, मला उमासे यायचे. मी म्हणाले, "आत्याबाई, उद्या सांगते, दूध नको म्हणून." त्या गंभीर झाल्या. "खुळी का काय? न्हाई घेतलं तर तिला वाटंल, आपल्याला भिकारी समजत्यात. घ्यायचं. गपगुमान घ्यायचं." आणि ते दूध आम्ही मांजराला घातलं.

भांडं भरून आलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते जास्त भरून जायला हवं. मग पीठ गेलं. दूध आलं. वांगी गेली, दूध आलं. शेंगा गेल्या, तेव्हा दुधाऐवजी लोण्याचा लहानसा गोळा आला. एकदा लोकरीची वळलेली दोरी आली, एकदा कसल्याशा झाडाची वाळवलेली औषधी साल. पण बहुतेक वेळा दूधच. कधी जास्त, कधी अगदी तळाला. गुऱ्हाळावरून संध्याकाळी चरवी घेऊन बांधाबांधानं जायचं आणि परत यायचं हा माझा क्रमच झाला. मला तो आवडायचा. नव्या नवरीला घराबाहेर पडायला दुसरं निमित्त कुठलं? वाटेत पाटाच्या कडेला हरभरा होता, तो उपटून खात खात यायचे. चरवीतलं दूध सांडू नये म्हणून वर पदर धरायचे. आणि घरी आले की मांजर दारात हजर. त्या हिवाळ्यात आमचं मांजर इतकं लठ्ठ झालं की त्याला उतरंडीवर चढवेना.

दोघी बाया आपापल्या जागी बरोबर होत्या. हिनं द्यायचं थांबवलं तर माया आटली असं झालं असतं. तिनं रिकामं धाडलं असतं तर ती मागणारी ठरली असती. वाईट वागण्याला कुठंतरी शेवट असतो, कुणीतरी चिडतं, भांडतं आणि ते थांबतं. चांगुलपणा असा रुळावर पडला की त्याला थांबवायचं कुणी आणि कसं, हे मला अजून समजलेलं नाही.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मामंजी रानातून आले ते बोलत बोलतच. "धुळा गेला की. तळ उठवला." निम्मं रान अजून बसायचं होतं. ठरलेलं धान्यही त्यांनी पुरतं नेलं नव्हतं. आम्ही बघायला गेलो तर चुलीच्या दगडांत राख अजून गरम होती. चरवी गुऱ्हाळावर ठेवलेली होती. राखेनं घासून लखलखीत केलेली, तोंडाला फडकं बांधलेली. आत मूठभर जोंधळे होते.

आत्याबाई संतापल्या. "न सांगता? आमी काय वैरी व्हतो व्हय? इतकं केलं, इतकं केलं, आनि पाठ दावून गेली?" आळीत बोलायला विषयच झाला. धनगर कुणाचा होत नाही, म्हणाले लोक. पोट भरलं की उठला, म्हणाले. तेव्हा मीही तोंड उघडलं. म्हणाले, "तिकडची माणसं जरा अशीच असतात." तिकडची. जशी काही मी तिकडची नव्हतेच. काशीकाकूंनी माझ्याकडं बघून मान डोलवली आणि मला आपण या गावच्या झाल्यासारखं वाटलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात धुळा आला नाही. दुसऱ्याच कुणाची मेंढरं बसवली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका उन्हाच्या वेळी, गुऱ्हाळावर एक धनगर येऊन टेकला. आत्याबाईंनी रीतीप्रमाणं रसाचा तांब्या पुढं केला. बोलता बोलता निघालं की हा धुळाचा चुलतभाऊ. आत्याबाईंचा आवाज लगेच चढला. "तुमच्या धुळाला आमचं रान कडू झालं व्हय रं?"

तो गडी मोकळ्या तोंडाचा होता. मिशीला लागलेला फेस पुसून म्हणाला, "रान कशाला कडू हुईल, आक्का? रान बेस व्हतं. ती चरवी तेवडी जड झाली त्यास्नी."

"चरवी?"

"व्हय. ठकूवैनी म्हनायची, ती पितळंची चरवी बांधावर दिसली की आत जाऊन बसावं वाटतंय. शेळी एक. पोर तापातनं उठल्याली, तिला वैद्यानं दूध सांगितल्यालं. आनि भांडं रिकामं कसं धाडायचं? मग पोरीच्या वाटनीचं त्यात वतायचं. पोर रडायची तर हिनं तिला तुमची काकवी चाटवायची. काकवीनं काय व्हतंय? हागवन लागली. मग एक दिस धुळाच म्हनला, चला हितनं, न्हाईतर ही चांगली मानसं आपली पोर मारतील."

चुलाणात चिपाडं तडतडत होती. आत्याबाई म्हणाल्या, "मग बोलायचं की रं. तोंड न्हवतं का तिला?"

"काय बोलायचं, आक्का? तुमी वाईट केलं असतं तर बोलली असती. लय बोलली असती." तो उठला, धोतर झटकलं. "रस झकास हाय," म्हणाला आणि गेला.

पोर जगली की नाही, हे आत्याबाईंनी त्याला विचारलं नाही. मीही नाही. तो बांधावरून जाताना दिसत होता, हाक मारली असती तर थांबला असता. आम्ही दोघी काहिलीकडं बघत बसलो.

त्या संध्याकाळी मांजर सवयीनं आत्याबाईंच्या पायाशी आलं, तर त्यांनी ते इतक्या जोरात ढकललं की ते ओरडलं. मग त्याच त्याला जवळ घेऊन बसल्या. "ह्याची काय चूक," म्हणाल्या.

तेव्हापासून आत्याबाईंचा हात आखडला. कुणाला काही द्यायला वाटी भरायच्या, उंबऱ्यापर्यंत जायच्या आणि परत आणून फडताळात ठेवायच्या. आळीत कुजबूज झाली की लेक पलटणीतून पैसे धाडत नसावा. काशीकाकूंनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, काही अडचण आहे का. भाकरी थापता थापता आत्याबाई मधेच हात थांबवून मला विचारायच्या, "पोरी, हिला जड हुईल का गं?" हिला म्हणजे जिला काही द्यायचं मनात असे तिला. मी म्हणायचे, नाही हो, द्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

मला त्यांची दया यायची. मी त्यांना समजवायचे. तुमच्या मनात पाप नव्हतं, तुम्हाला माहीत नव्हतं, असं सगळं. रात्री त्या झोपेत बडबडायच्या तेव्हा उठून पाणी द्यायचे. मी चांगली सून होते, असं मला वाटायचं. चरवी त्यांची, रीत त्यांची, दुःखही त्यांचं. मी आपली शेजारी बसून वारा घालणारी.

आता मी आत्याबाईंच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे. शेजारच्या त्या नव्या जोडप्यातल्या नवऱ्याची नोकरी गेलीय, असं मला मागच्या महिन्यात कळलं. मी काय करावं? लगेच डब्यात शिरा भरला. डबा परत आला आणि सोबत त्यांचाही एक डबा, दुकानातल्या महागाच्या बर्फीनं भरलेला. ती बर्फी हातात घेतली तेव्हा कळलं. माहीत असूनही मी तेच केलं होतं. द्यायचीही एक भूक असते आणि ती लागली की समोरच्याचं पोट दिसत नाही. मग काय करावं? आत्याबाईंनी जे केलं तेवढं सांगते.

भाद्रपदात पाऊस उघडीप देतो आणि धनगर आपल्या गावी घरी असतात. त्या चुलतभावाच्या भेटीनंतरच्या भाद्रपदात आत्याबाई मामंजींना म्हणाल्या, औंधला यमाईला जायचंय, नवस हाय. मला म्हणाल्या, "तू चल संगं." आदल्या दिवशी त्यांनी गुळाची ढेप फोडून गाठोडं बांधलं. सकाळी उठून बघते तर त्या गाठोडं सोडत होत्या. मग पुन्हा बांधलं. एसटीची वेळ होत आली तसं त्यांनी ते उचललं आणि माजघरात ठेवून दिलं. "रिकाम्या हातानं कुनाच्या दाराला गेले न्हाई गं मी कवा," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "पर आता काय बी न्यायचं म्हनलं की भ्या वाटतंय."

औंधच्या डोंगरावर पायऱ्या चढताना त्या दर थोड्या वेळानं थांबत होत्या. यमाईपुढं हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या, पण ओठ हलत नव्हते. तिथून दुसरी एसटी धरून आम्ही माणात गेलो. त्या वर्षी बरा पाऊस होता. खिडकीतून बाजरीची रानं दिसत होती, मधेच मोकळे माळ, त्यावर मेंढरं. माझ्या माहेरसारखंच सगळं. मी आत्याबाईंना दाखवत होते, ती बघा मटकी, ते बघा हुलगं. त्या हूं म्हणत होत्या. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती काय हे मला माहीत होतं. पोर असेल का.

ठकूबाईचं घर गावाबाहेर होतं, दगड-मातीचं, पुढं कुडाचा आडोसा. ती दारात कण्या पाखडत होती. आम्हाला बघून सूप हातात धरून तशीच उठली. तिची नजर आधी आमच्या हातांवर गेली, मग तोंडांवर.

आत्याबाईंनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं असेल कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "ठके, भूक लागलीया. भाकरी हाय का?"

ठकूबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "हाय की. बसा की, आक्का."

तिनं चूल पेटवली. ताज्या भाकरी थापल्या, वर खर्डा दिला, हुलग्याचं माडगं दिलं. आत्याबाई मांडी घालून जेवायला बसल्या. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली. कुणाकडं काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पाऊस कसा झाला, मेंढरं किती वाढली, धुळा कुठं गेलाय, असं बोलणं चाललं होतं. मधेच घास हातात धरून आत्याबाई म्हणाल्या, "मला ठावं न्हवतं गं."

ठकूबाई काठवटीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमास्नी ठावं न्हवतं, ते मला ठावं हाय." तिनं पिठात पाणी घातलं. "आक्का, पैलं मी मीठ मागायची, तुमी घोंगडं मागायचा. त्या साली तुमी मागायचंच सोडलं. नुसतं देत ऱ्हायलासा. मला वाटलं, आता आपल्यापाशी आक्कानं मागावं असं काय ऱ्हायलंच न्हाई. मग शेळी पिळायची आनि दावायचं, हाय बगा, आमच्याकडंबी हाय. मीबी काय कमी खुळी न्हाई."

"सगू?" आत्याबाईंनी विचारलं. इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"माळाला गेलीया शेळीमागं. यील आता. लय द्वाड झालीया, ऐकत न्हाई कुनाचं."

आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मोठ्यानं, गळा काढून, एखाद्या लहान मुलीसारख्या. ठकूबाईनं पिठाचे हात तसेच त्यांच्या पाठीवर ठेवले. त्यांच्या लुगड्यावर पांढरी बोटं उमटली. थोड्या वेळानं दोघी हसायला लागल्या कशालातरी, बहुधा त्या बोटांनाच. मला फार हलकं वाटलं. दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं उतरताना बघून जसं वाटतं, तसं. सगळं निस्तरलं, आता दिवस असताना एसटी मिळाली की झालं, असा मी विचार करत होते.

मी भांडी घासायला म्हणून अंगणात आले, तर समोरून सगू येत होती. उन्हानं केस तांबूस झालेले, पायांत काटक बळ आलेलं, हातात शेळीचं दावं. आत बसलेल्या आत्याबाईंकडं तिनं ओझरतं बघितलं. त्यांना ती कुठून ओळखणार? आत्याबाई त्यांच्या तळावर कधी आल्याच नव्हत्या. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

तिनं काही आरडाओरड केली नाही. दाव्याचा एक वेढा हाताला घेतला, शेळीला ओढत कुडाच्या मागं नेलं आणि स्वतः तिच्यापुढं उभी राहिली.

"आगं सगे, पावन्या हायत त्या," ठकूबाई आतून म्हणाली. "वळकीच्या हायत."

"ठावं हाय," सगू म्हणाली. आणि मला विचारलं, "चरवी कुटं हाय?"

"नाही आणली," मी म्हणाले. मी दोन्ही हात पुढं करून तिला दाखवले, उलटे केले, सुलटे केले. "बघ, काही नाही."

तिनं माझे हात नीट बघून घेतले. मग मी आत जाईपर्यंत ती शेळीपुढून हलली नाही.